मदत हवी आहे: पितळ चकाचक धुतलं आणि 6 डॅशरचा वेग बिघडला

मंडळी, मी फिनिक्सला असतो, बेन एव्हरी रेंजवर एफ-क्लास (टेकूवर रायफल ठेवून लांब पल्ल्याची नेमबाजी) खेळतो. दीड वर्षापूर्वी हौसेने 6 डॅशरची बॅरल बसवून घेतली. माहीत नसलेल्यांसाठी: काडतूस 6 बीआर नॉर्माचंच, पण खांदा (गोळी धरणाऱ्या मानेखालचा उतार) पुढे सरकवून 40 अंशांचा केलेला. लापुआ कंपनीचं 6 बीआर पितळ, म्हणजे रिकाम्या केसेस, आणायचं, पहिल्या बारात ते चेंबरच्या आकाराचं होतं. गोळी 105 ग्रेनची, पावडर वारगेट. (चार्जचा आकडा मुद्दाम देत नाही. माझ्या चेंबरला चालला तो तुमच्या चेंबरला चालेलच असं नाही.)

पहिल्या तीन भरण्या (त्याच केसेस पुन्हा भरून झाडणं) दृष्ट लागण्यासारख्या. दहा बारांत कमाल आणि किमान वेगातला फरक 12 फूट प्रति सेकंद. चौथ्या भरणीला तो 38 वर गेला. 100 यार्डावर पत्ताही लागत नाही, पाचही गोळ्या एका भोकात. हजार यार्डावर मात्र वेगातल्या 10 फुटांच्या फरकाने गोळी अडीच-तीन इंच वर-खाली होते, आणि तिथे 10 चं वर्तुळच मुळात 10 इंचांचं. परवा 20 पैकी 6 गोळ्या 9 मध्ये, सगळ्या घड्याळातल्या बाराच्या नाहीतर सहाच्या काट्यावर, म्हणजे सरळ वर नाहीतर खाली. वाऱ्यावर खापर फोडायचीही सोय नाही.

पावडर आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) जुन्याच लॉटचे. पावडर तोलायचा काटा वजनाचं माप ठेवून तपासला, ठीक आहे.

बदललं ते एवढंच: आधी केसेस मक्याच्या भुशात घोळवायचो. यंदा पाणी आणि स्टीलच्या पिनांचा ड्रम आणला. पितळ असं निघालं की बायको म्हणाली, देव्हाऱ्यातली भांडीही यातच टाका. पण गोळी बसवताना आर्बर प्रेसवर (गोळी दाबून बसवायचा हातप्रेस) हात वेगळंच सांगतो. सोऱ्यात चकलीचं पीठ कधी मऊ, कधी घट्ट लागावं तसं. एक गोळी लोण्यात शिरल्यासारखी जाते, पुढची कचकन अडते.

आणखी एक कबुली. चार भरण्या झाल्या तरी ॲनीलिंग (मान तापवून कडक झालेलं पितळ पुन्हा मऊ करणं) एकदाही केलेलं नाही. मग दोष कडक झालेल्या मानेचा की धुऊन गेलेल्या काजळीचा? आधी काय तपासू?

प्रतिसाद:
एका वेळी एकच गोष्ट बदल रे बाबा. बार झाल्यावर मानेत काजळीचा पातळ थर राहतो, तो गोळीला वंगणासारखा असतो. पिनांनी तो खरवडून नेला, आता पितळावर तांबं घासतंय. त्याच केसेसना मानेत आतून कोरडं ग्रॅफाइट लावून दहा भर. फुकटात होतं. ॲनीलिंग त्यानंतर. आणि करशील तेव्हा फक्त मान-खांदा तापव, बूड मऊ पडलं तर जिवाशी गाठ आहे.

धागाकर्ता:
शनिवारी दहा मारल्या. ग्रॅफाइटने 38 चे 21 झाले, प्रेसचा दांडाही बराच एकसारखा लागला. उरलेलं मानेचं दुखणं दिसतंय. ॲनीलिंगला मित्राचं मशीन मागितलंय. ड्रम तूर्तास बायकोच्या ताब्यात आहे, समया घासायला.