युवा केंद्रात दिवसभराची टेबल टेनिस स्पर्धा: 24 मुलं, 3 टेबलं, दुपारपर्यंत हॉल भरलेला कसा ठेवायचा?

केंद्राची_चावी (प्रश्न)

युवा केंद्रात एका दिवसाची टेबल टेनिस स्पर्धा ठरते आहे. वयोगट 12 ते 17, नावं 24, त्यात 9 मुली. टेबलं 3, हॉल एकच. सकाळी 10 ते दुपारी 4 एवढाच वेळ आहे. खेळातला फरक मोठा आहे: चार-पाच जण नियमित सराव करणारे, निम्मे अधूनमधून खेळणारे, आणि काहींना सर्व्हिससुद्धा नीट जमत नाही.

सरळ बाद पद्धत ठेवली तर पहिल्याच फेरीनंतर निम्मी मुलं घरी जातात. पूर्ण साखळी ठेवली तर सामने वेळेत बसत नाहीत. यातून मार्ग काय? शिवाय हॉलची मांडणी, पंच आणि पालकांचं संमतीपत्रक यांबद्दलही सांगा. मोठी माणसं आम्ही तिघंच आहोत.

---

डावखुरी_सर्व्हिस

आधी सामने मोजा. 24 जणांच्या बाद पद्धतीत 23 सामने होतात आणि बऱ्याच मुलांच्या वाट्याला एकच येतो. पूर्ण साखळीत 24 × 23 ÷ 2 = 276. म्हणजे दोन्ही बाद. दोन टप्पे करा.

पहिला टप्पा: तिघांचे 8 गट. प्रत्येक गटात 3 सामने, एकूण 24. गटातला सामना 11 गुणांच्या तीन गेमचा ठेवू नका, 21 गुणांचा एकच गेम ठेवा, दर 5 गुणांनी सर्व्हिस बदलायची. 2001 मध्ये 11 गुणांची पद्धत येण्याआधी असंच खेळत असत. 20–20 झाल्यावर सर्व्हिस एकेक आणि दोन गुणांची आघाडी लागते. नवख्यांसाठी हा प्रकार फार चांगला. 11 च्या गेममध्ये सुरुवातीला चार सर्व्हिस जाळ्यात गेल्या की पोर खचतं, 21 मध्ये सावरायला जागा असते. शिवाय सामना किती वेळ चालेल याचा अंदाज बांधता येतो: साधारण 10 मिनिटं खेळ, 2 मिनिटं अदलाबदल.

12 व्या मिनिटाला घंटा. तेव्हा जो पुढे असेल तो जिंकला, बरोबरी असेल तर एकच गुण खेळायचा. हा नियम सकाळीच सगळ्यांसमोर सांगा. ऐन वेळी सांगितला की भांडण ठरलेलं.

दुसरा टप्पा: गटातले सगळे पहिले एका विभागात, सगळे दुसरे दुसऱ्यात, सगळे तिसरे तिसऱ्यात. म्हणजे आठ-आठ जणांचे तीन विभाग, आणि टेबलंही तीनच. प्रत्येक विभागाची बाद फेरी म्हणजे 4 उपांत्यपूर्व, 2 उपांत्य, 1 अंतिम, असे 7 सामने. हे 11 गुणांचे, तीनपैकी दोन गेमचे, दर दोन गुणांनी सर्व्हिस बदलून. एका सामन्याला 20 मिनिटं धरा.

यात दोन गोष्टी आपोआप साधतात. प्रत्येकाला किमान 3 सामने मिळतात, आणि दुसऱ्या टप्प्यात आपल्याच गटातल्याशी पुन्हा गाठ पडत नाही, कारण प्रत्येक विभागात एका गटातला एकच जण असतो. सर्व्हिस न जमणाऱ्या मुलालाही दुपारी आपल्या तोलाचा प्रतिस्पर्धी मिळतो, अंतिम सामना जिंकायची खरी संधी मिळते. तो थांबतो ते त्यासाठी. विभागांना पहिला-दुसरा-तिसरा न म्हणता निळा, हिरवा, पिवळा म्हणा.

वेळ अशी बसते: 10 ते 10:20 नोंदणी आणि नियम. 10:20 ते 12:10 गट. 1 वाजेपर्यंत सुट्टी. 1 ते 3 उपांत्यपूर्व आणि उपांत्य. 3 वाजता हिरवा आणि पिवळा अंतिम सामना कडेच्या टेबलांवर एकाच वेळी, 3:20 ला निळा मधल्या टेबलावर. शेवटची 20 मिनिटं हातात राहतात, त्यांना कशातच गुंतवू नका.

---

गुणफलक_वही

वरची आखणी पटली. तिच्यात चुका कुठे होतात ते लिहितो.

गट पाडताना 24 चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकू नका. नियमित खेळणारे आणि त्यांच्या मागोमागचे मिळून 8 जण आधी एकेका गटात ठेवा, अगदी नवखे 8 तसेच वाटा, मधल्यांच्या चिठ्ठ्या काढा. भावंडं एका गटात नकोत.

एका टेबलावर तीन गट आले (8 गट म्हणजे 3, 3 आणि 2) तर एक गट पूर्ण संपवून दुसरा घेण्याचा मोह होतो. तसं करू नका. क्रम असा लावा: क गटाचा पहिला सामना, ख चा पहिला, ग चा पहिला, मग क चा दुसरा. तिघांच्या गटात कोणीतरी सलग दोनदा खेळतोच, आणि दमून हरलेला मुलगा तक्रार करतो ती रास्त असते. आलटून-पालटून घेतलं की मध्ये 24 मिनिटं विश्रांती मिळते. दोन गटांचं टेबल 6 सामन्यांत मोकळं होतं, ते मुक्त खेळाला द्या. बघायला आलेल्या लहान भावंडांची सोय तिथेच होते.

गटात तिघांचा एकेक विजय होणं नेहमीचंच आहे. तेव्हा मिळवलेले गुण वजा गमावलेले गुण. उदाहरणार्थ, अ ने ब ला 21–15, ब ने क ला 21–18, क ने अ ला 21–19 असं हरवलं. अ चा फरक +4, क चा −1, ब चा −3. क्रम अ, क, ब. म्हणून गुणपत्रकावर नुसतं कोण जिंकलं ते नको, दोन्ही आकडे हवेत. हे विसरलं की 12 वाजता हिशेब अडतो आणि सुट्टी त्यातच जाते.

23 च आले तर एका गटात दोघं राहतील, त्यांना आपसात दोनदा खेळवा. पिवळ्या विभागात एकाला पुढे चाल मिळेल. 22 आले तर तिघांचे 6 गट आणि चौघांचा 1 गट करा. सामने तरीही 24 च होतात (18 + 6), आणि चौथा येणाराही पिवळ्या विभागात जातो, म्हणजे विभाग 7, 7, 8 चे. एवढंच की चौघांच्या गटातले तिसरा आणि चौथा एकाच विभागात येतात. सोडतीत त्यांना वरच्या आणि खालच्या अर्ध्यात वेगळं ठेवा. गटांची अंतिम यादी 10:10 ला करा, आदल्या रात्री छापून ठेवू नका.

---

मधलं_टेबल

मांडणीबद्दल. टेबल 2.74 मीटर लांब, 1.525 मीटर रुंद आणि 76 सेंटिमीटर उंच असतं. मुलांच्या खेळाला दोन्ही टोकांमागे किमान 3 मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड मीटर जागा धरा. म्हणजे एका टेबलाला साधारण 9 × 4.5 मीटर, आणि तीन शेजारी-शेजारी लावायची तर रुंदी साडेतेरा मीटर लागते. एवढी नसेल तर टोकामागची जागा कमी करू नका, बाजूची थोडी करा.

खिडक्या खेळाडूच्या बाजूला याव्यात, समोर नकोत. उजेड डोळ्यांवर आला की पांढरा चेंडू दिसतच नाही. तसं टेबल फिरवता येत नसेल तर पडदे ओढून दिवे लावा. पांढरा चेंडू असताना पांढरा शर्ट चालत नाही हेही आधी कळवा, आणि दोन-तीन गडद रंगाचे जादा टी-शर्ट ठेवा.

दोन टेबलांमध्ये आडोसा हवाच. 75 सेंटिमीटरची पुठ्ठ्याची किंवा कापडाची आडभिंत पुरते. नसेल तर बाकं आडवी टाकून त्यावर चादर सोडा. शेजारचा चेंडू पायाखाली येऊन घोटा मुरगळणं ही या खेळातली नेमकी टाळता येणारी दुखापत आहे. जमीन ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा. धुळीवर बूट घसरतात.

जाळ्याची उंची 15.25 सेंटिमीटर. त्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी कापून प्रत्येक टेबलाला एक बांधून ठेवा. सुट्टीनंतर मध्यभागी पुन्हा मोजा, जाळं ढिलं पडलेलं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाकांची घडीची टेबलं मुलांना उघडू-मिटू देऊ नका. अर्धवट उघडलेला भाग खाली येतो किंवा टेबल उलटतं, आणि ते जड असतं. दोन मोठी माणसं, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसल्याची खात्री, मग चाकांचे ब्रेक. मिटलेली टेबलं किंवा खुर्च्यांची चळत आपत्कालीन दारासमोर नको.

चेंडू किमान 2 डझन आणा. बारीक तडा गेलेला चेंडू नुसता बघून कळत नाही, टेबलावर टाकून आवाज ऐका. आवाज फुटका आला की बाजूला.

---

दुसरी_पाळी

तिघा मोठ्यांपैकी कोणीही पंच किंवा गुणलेखक होऊ नका. एक दारावर, एक हॉलमध्ये फिरता, एक सुटा. बाकी सगळं मुलांकडे द्या.

गटात दोघं खेळतात तेव्हा तिसरा पंच, म्हणजे पंच शोधावा लागत नाही. बाद फेरीत हरणारा पंच असतो, पण लगेचच्या सामन्याला नको. पाच मिनिटांपूर्वी हरलेल्याला शांतपणे गुण मोजायला लावणं अन्यायाचं होतं. एक सामना सोडून पुढच्याला बसवा. मधल्या सामन्यांसाठी प्रत्येक टेबलाला 16–17 वर्षांचा एक टेबलप्रमुख नेमा, न खेळणारा असला तर उत्तम. घंटा, सोडतीचा फलक आणि नावं पुकारणं यांना आणखी तिघं लागतील. 45 मिनिटांनी कामं बदला.

पंचासाठी अर्ध्या पानाचा कागद पुरतो: चेंडू उघड्या तळहातावर, टेबलाच्या शेवटच्या रेषेमागून, किमान 16 सेंटिमीटर वर उडवायचा, जाळ्याला लागून पलीकडे बरोबर पडला तर सर्व्हिस पुन्हा. सर्व्हिस चुकीच्या पद्धतीने केली तर पहिल्यांदा ताकीद, मग गुण समोरच्याला. पिवळ्या विभागात उडवण्याच्या उंचीवर अडवू नका.

मुलींबद्दल: 24 मध्ये 9 आहेत तर मुद्दाम वेगळा गट करू नका, पण एका गटात एकटी मुलगी आणि दोन मुलगे असं शक्यतो टाळा. 9 म्हणजे चार गटांत दोन-दोन आणि एकीला विचारून निर्णय. पुकारणाऱ्यांत आणि टेबलप्रमुखांत मुली असल्या की नवख्या मुली दुपारीही थांबतात.

---

केंद्राची_चावी

सगळ्यांचे आभार, आखणी अशीच करतो. दोन शंका: संमतीपत्रकात नेमकं काय हवं? आणि कोणी दुपारी मध्येच निघून गेलं तर?

---

डावखुरी_सर्व्हिस

एकच पान करा. मुलाचं नाव, वय, दिवसभर उचलला जाईल असा पालकांचा फोन आणि दुसरा एक क्रमांक, ॲलर्जी किंवा चालू औषध, घरी एकटं जायला परवानगी आहे की कोणी न्यायला येणार आणि कोण. फोटोची परवानगी वेगळ्या रकान्यात, वेगळ्या सहीने. खेळायला हो आणि फोटोला नाही हे उत्तर पूर्ण चालतं. ज्यांना फोटो नको त्यांची यादी कॅमेरा धरणाऱ्याकडे द्या. बाकीचं पत्रक दारावरच्या माणसाकडेच राहू दे, टेबलावर पडू नये. येणं-जाणं वेळेसह वहीत, आणि सुट्टीनंतर डोकी मोजा. प्रथमोपचार पेटीत क्रेप बँडेज आणि थंड पॅक बघून घ्या.

निघून जाणाऱ्यासाठी: 12:10 ला, सुट्टी होण्यापूर्वीच, सोडत फलकावर लावा आणि प्रत्येकाच्या नावापुढे पहिल्या सामन्याची वेळ लिहा. 1:40 ला कोणाशी खेळायचं हे माहीत असलेला सहसा जात नाही. तरी गेलाच तर नाव पुकारून 5 मिनिटं थांबा, मग समोरच्याला पुढे चाल. पण त्या समोरच्याचा एक सामना बुडतो, म्हणून त्या 20 मिनिटांत त्याच टेबलावर टेबलप्रमुखाशी एक गेम खेळवा.

---

गुणफलक_वही

फलक उतरवू नका, दुसऱ्या दिवसापासून त्याची शिडी करा. 24 नावं खालीवर, कोणीही आपल्या वरच्या दोन जागांपर्यंत आव्हान द्यायचं, 7 दिवसांत सामना, जिंकला तर जागांची अदलाबदल. नावं कागदी पट्ट्यांवर लिहून टाचणीने लावा, फळ्यावर खडूने लिहिलेली कोणीही पुसतं. सुरुवातीचा क्रम विभागांवरून: निळे वर, मग हिरवे, मग पिवळे. पिवळा विजेता मात्र हिरव्यांच्या मध्यावर लावा, नाहीतर त्याच्या जिंकण्याला फलकावर जागाच उरत नाही.