लेट्रोझोलने बोटं आखडतात. गोळी बदलून कुणाला फरक पडला का?

मदत हवी आहे. वय ५८, पाळी थांबलेली. हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा) स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन आणि रेडिएशन झालंय. आठ महिने रोज लेट्रोझोल (शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी) २.५ मिलिग्रॅम घेतेय. सकाळी बोटं इतकी आखडतात की बटण लागत नाही. गरम पाण्यात हात धरले की हळूहळू मोकळी होतात. चालणं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पॅरासिटामॉल सगळं चालू आहे. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांच्या घनतेची तपासणी) टी-स्कोअर उणे १.९, हाडं थोडी विरळ झालीत, म्हणजे हाडांचीही काळजी आहेच. पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून डॉक्टर टॅमॉक्सिफेन (दुसऱ्या प्रकारची हार्मोनची गोळी, तिने गुठळीचा धोका वाढतो) नको म्हणतात, आणि ते मला पटतं. गोळी मनाने बंद करणार नाही, तसं कृपया सुचवू नका. अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन या लेट्रोझोलसारख्याच गोळ्यांवर गेलेल्यांनी सांगा: सांधे किती आठवड्यांत मोकळे झाले, आणि मध्ये काही दिवस गोळी थांबवायला सांगितली होती का?