थर्माकोल दाबायचं मशीन कोणी वापरलंय का? नऱ्ह्याचं गोडाऊन भरून गेलंय

गोडाऊनवाली
नमस्कार मंडळी, आमचं फ्रीज-टीव्ही-वॉशिंग मशीनचं दुकान आहे, गोडाऊन पुण्यात नऱ्ह्याला. दिवाळीत डिलिव्हरी करून परत आणलेलं थर्माकोल एका खोलीत छतापर्यंत गेलंय, दार उघडलं की दाणे केसांना चिकटतात. भंगारवाला पुठ्ठा हसत हसत नेतो पण थर्माकोल बघितलं की म्हणतो, ताई ही तर हवाय, हवेचे कसले पैसे. मागे एकाला वर पैसे देऊन उचलायला लावलं तर त्याने ते ओढ्याकाठी नेऊन पेटवलं. काळाकुट्ट धूर, आमच्या गच्चीवरून दिसत होता, फार वाईट वाटलं. तेव्हापासून ठरवलंय, माल नीट ठिकाणी जाणार असेल तरच द्यायचा. नेटवर दोन प्रकारचे कॉम्पॅक्टर दिसले, एक गरम करून वितळवणारा, एक नुसता दाबणारा. कोणता घ्यावा? आणि शेजारच्या मंगल कार्यालयातून थर्माकोलचे चहाचे कप येऊन पडतात (२०१८ पासून बंदी आहे राज्यात, तरी येतात), ते पण यात चालतील का?

चाकण_मेंटेनन्स
भंगारवाला खरं बोलला ताई, थर्माकोलमध्ये ९८ टक्के हवाच असते. छोटा हत्ती गच्च भरला तरी त्यात जेमतेम ५०-६० किलो बसणार, गाडी पाऊण टनाची, म्हणजे सगळं भाडं हवेचं.
आमच्या कंपनीत दाबणारा आहे, मीच बघतो तो. वर श्रेडर तुकडे करतो, खाली स्क्रू ते निमुळत्या तोंडातून रेटतो, तोंडाशी जबडा असतो तो किती आवळायचा ते आपण ठरवायचं, मग समोरून चौकोनी ठोकळा हळूहळू सरकत बाहेर येतो, हात लावला तर कोमट लागतो, हीटर नाही काही, घासूनच तापतो. घनमीटरला १५-२० किलोचा माल २५०-३०० किलोवर जातो. गरमवाल्यात लगदा होऊन अजून घट्ट लादी पडते पण स्टायरिनचा (थर्माकोल ज्यापासून बनतं ते रसायन) वास सुटतो, एक्झॉस्ट लागतो, आणि तुमच्याकडे सगळीकडे पुठ्ठा, तिथे गरम मशीन अजिबात नको.
थ्री फेज आहे का बघा. टेप, पिना, खिळे आधी काढायचे. आमच्याकडे लाकडी पॅलेटचा एक खिळा आत गेला, ब्लेडचा दात उडाला आणि मशीन दोन दिवस बंद.

भवानीपेठ_स्क्रॅप
सुटं थर्माकोल मी पण घेत नाही, ठोकळे घेतो. पुढे ते वितळवून प्लास्टिकचा दाणा पाडणाऱ्याकडे जातात, त्यातून फोटोफ्रेमच्या पट्ट्या, हँगर असलं बनतं. पण माल पांढरा, कोरडा पाहिजे. आणि टीव्हीला गुंडाळलेला मऊ फोम त्यात टाकू नका, तो वेगळा प्लास्टिक आहे. वाकवून बघायचं, कर्रकन मोडून दाणे सुटले तर थर्माकोल, नुसता वाकला तर बाजूला.
कपाचं म्हणाल तर दाणे दिसतात तो थर्माकोलचाच, पण तळाला दुधाचा चहा राहतो, पोत्यात दोन दिवसांत आंबतो आणि त्या एका पोत्यापायी अख्खा लॉट परत येतो. विसळून उन्हात वाळवले तरच द्या. कागदी कप बिलकुल नको, त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो.

कोथरूडची_सेक्रेटरी
ताई, कप विसळत बसण्यापेक्षा कार्यालयवाल्यांना जाऊन भेटा, स्टीलचे पेले भाड्याने मिळतात. आमच्या सोसायटीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात, एका टीव्हीचं थर्माकोल ठेवलं की त्यांची ढकलगाडी तिथेच भरते, पुढच्या बिल्डिंगचा कचरा कशात घेणार त्या? म्हणून तुमच्याकडे मशीन आलं तर आम्ही महिन्याचं साठवून स्वतः आणून देऊ.

गोडाऊनवाली
दादा, तुमचं वाचून आज वजनच केलं. दहा मोठी पोती, काट्यावर १८ किलो! मला वाटलेलं क्विंटलभर तरी असेल. अख्खी खोली धरली तरी दीडशे किलोच्या वर जात नाही.

चाकण_मेंटेनन्स
मग एकटीने घेऊ नका. आमचं मशीन तासाला ५० किलो सहज खातं, तुमची खोली एका सकाळीत संपेल आणि महिनाभर मशीन धूळ खाईल. आजूबाजूच्या चार-पाच दुकानांचा माल एकत्र येत असेल तरच उतरा यात, आणि घ्यायच्या आधी तुमचीच दोन पोती नेऊन विकणाऱ्याकडे चालवून बघा.

गोडाऊनवाली
सिंहगड रोडच्या तीन दुकानदारांना फोन केले, दोघं हो म्हणाले, फर्निचरवाला पण येतोय. रविवारी अकराला गोडाऊनवर बसतोय. भवानी पेठवाले दादा, जमलं तर तुम्ही पण या, कुठला माल घेणार आणि कुठला नाही ते त्यांना समोर मोडून दाखवा.

भवानीपेठ_स्क्रॅप
येतो. मऊ फोमचा एक तुकडा काढून ठेवा.