मेल येतात, पण जात नाहीत

बुधवार, १० सप्टेंबर

ए-१०२ (सचिव), रात्री ८.१२ : मंडळी, नमस्कार. सोसायटीच्या नव्या ईमेलवरून वार्षिक सभेची सूचना पाठवायची आहे. सभा रविवारी २८ तारखेला. सूचनेचा अन् सभेचा दिवस सोडून मधले १४ दिवस पूर्ण भरले पायजेत, म्हणजे शनिवार १३ ही शेवटची तारीख. दोन तासांपासून बसून राहिलो. मेल येतात, पण एकही जात नाही. कोणाला कळते का यातलं?

सी-२०१ : काका, सी विंगची लिफ्ट कालपासून तिसऱ्या मजल्यावर अडकून राहिली. तिचं काय?

ए-१०२ (सचिव) : लिफ्टवाल्याला फोन झाला आहे. आता ईमेलचं बोला.

बी-१०१ (खजिनदार) : एवढा खटाटोप काहून? ग्रुपवर पीडीएफ टाका, झालं.

ए-१०२ (सचिव) : मागच्या वर्षी टाकली होती भाऊ. सभेत एक जण उभे राहून म्हणाले, मला सूचनाच नाही मिळाली, मी ग्रुप म्यूट करून ठेवतो. अर्धी सभा त्यातच गेली. अन् माझ्या घरच्या जीमेलवरून पाठवली तर उद्या मी पद सोडल्यावर सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार माझ्यापाशीच राहते. म्हणून तर होस्टिंग, म्हणजे सोसायटीच्या मेलसाठी सर्व्हरवर भाड्याची जागा, घेतलं ना आपण.

बी-४०३ : काका, स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं? फोटो टाका ना.

ए-१०२ (सचिव) : [फोटो] ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. खूप वेळ चक्र फिरते, मग हे येते.

सी-५०२ : काका राउटर बंद करून चालू करा

ए-१०२ (सचिव) : ते पहिलेच केलं रे पोट्ट्या.

बी-४०३ : सेटिंगमध्ये आउटगोइंग सर्व्हरसमोर पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, कोणता आहे?

ए-१०२ (सचिव) : २५. एका व्हिडिओत तोच सांगितला होता.

बी-४०३ : तिथेच अडलं. २५ नंबर हा एका मेल सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल द्यायचा पोर्ट आहे. मेल पाठवायचा नियम, एसएमटीपी म्हणतात त्याला, १९८२ सालचा. तेव्हा कोणी कोणाला ओळख विचारत नव्हतं. पुढे लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून त्याच वाटेने स्पॅमचे ढीग जायला लागले, म्हणून बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांनी बाहेर जाणारा २५ बंदच करून टाकला. तुमचा मेल घराच्या उंबरठ्यावरच उभा आहे, होस्टिंगपर्यंत पोचलाच नाही. ५८७ टाका आणि सिक्युरिटीत स्टार्टटीएलएस निवडा. नाहीतर ४६५ आणि एसएसएल. वाटेत कोणी वाचू नये म्हणून कुलूप लावायच्या या पद्धती. दोन्ही चालतात, पण जोडी चुकवू नका.

ए-१०२ (सचिव) : अन् येणाऱ्या मेलचं ९९३ आहे, ते बदलू?

बी-४०३ : नाही नाही. तो आयमॅपचा, बरोबर आहे. येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी.

ए-३०४ (आजोबा) : १९८२ ला मी पोस्टात सॉर्टिंगला होतो. बाई, तुझं म्हणणं मला असं समजलं, बघ बरोबर आहे का. २५ नंबर म्हणजे एका पोस्टाकडून दुसऱ्या पोस्टाकडे जाणारी टपालाची गाडी. आपला सचिव पत्र घेऊन थेट त्या गाडीत चढून राहिला. त्याने काउंटरवर यायला पायजे, ते ५८७.

बी-४०३ : आजोबा, एकदम बरोबर! आणि काउंटरवर तुम्ही कोण ते आधी विचारतात.

ए-१०२ (सचिव), रात्री ८.४१ : आता लवकर उत्तर आलं, पण नकारच. ‘५३५ : इनकरेक्ट ऑथेंटिकेशन डेटा’. पासवर्ड तर बरोबर आहे. हा बघा –

(हा मेसेज डिलीट करण्यात आला)

बी-४०३ : काका!! ८४ घरांच्या ग्रुपवर पासवर्ड?

ए-१०२ (सचिव) : लगेच काढला.

सी-५०२ : मी वाचला 😄 शेवटी १२३ आहे

बी-४०३ : आताच्या आता होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन बदला. सोसायटीच्या नावाने कोणीही काहीही पाठवेल. बदलून झाला की बघा, यूजरनेममध्ये काय लिहिलं आहे? नुसतं ‘सचिव’, की ॲट आणि पुढच्या डोमेनसकट, म्हणजे सोसायटीच्या इंटरनेटवरच्या नावासकट?

ए-१०२ (सचिव) : नुसतं सचिव.

बी-४०३ : मग तो नाहीच म्हणणार. एकाच सर्व्हरवर कितीतरी लोकांची डोमेन असतात, प्रत्येकाकडे एक ‘सचिव’ असू शकतो. पूर्ण पत्ता टाका.

ए-१०२ (सचिव) : टाकला. आता म्हणते सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही, तरी पुढे जायचं का?

बी-१०१ (खजिनदार) : हो म्हणा अन् मोकळे व्हा.

बी-४०३ : हो म्हणू नका. तुम्ही सर्व्हरच्या जागी ‘मेल डॉट’ लावून आपलं डोमेन टाकलं असेल आणि सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावाने असेल. पॅनेलमध्ये ईमेल अकाउंटसमोर ‘कनेक्ट डिव्हाइसेस’ आहे, तिथे सर्व्हरचं खरं नाव दिलेलं असतं. ते जसंच्या तसं टाका. आज ‘हो’ म्हणायची सवय लागली तर उद्या खरंच कोणी मध्ये बसून पासवर्ड ओढून राहिला असेल तेव्हाही ‘हो’च म्हणाल.

ए-१०२ (सचिव), रात्री ९.२० : गेला!!! स्वतःलाच पाठवला, आला. जेवायला बसतो आता.

गुरुवार, ११ सप्टेंबर

ए-१०२ (सचिव), सकाळी ७.०५ : काल रात्री खजिनदारांना अन् बी-४०३ ला नमुना पाठवला होता. मिळाला का?

बी-१०१ (खजिनदार) : नाही. स्पॅममध्येही नाही.

ए-१०२ (सचिव) : मला इंग्रजीत लांबच लांब परत आलं आहे. ५५०-५.७.२६, सेंडर अनऑथेंटिकेटेड. आता अनऑथेंटिकेटेड कसा? पासवर्ड देऊन तर पाठवला.

सी-५०२ : स्पॅमच्या ईडापीडा घेऊन जा गे मारबत!

ए-१०२ (सचिव) : मारबतीची मिरवणूक जाऊन तीन हप्ते होतात. आता पुढच्या पोळ्याला.

बी-४०३, दुपारी १.१५ : सॉरी, सकाळी मिहानला ऑफिसची बस पकडायची होती. काका, काल तुम्ही ओळख दिली ती आपल्या होस्टिंगच्या सर्व्हरला. पुढे त्या सर्व्हरने जीमेलचं दार ठोठावलं. जीमेल विचारतं, या डोमेनच्या वतीने मेल आणायला तुला सांगितलं कोणी? त्याचं उत्तर डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, लिहून ठेवावं लागतं. एक असते एसपीएफची ओळ, कोणत्या सर्व्हरला परवानगी आहे त्याची यादी. दुसरं डीकेआयएम, सर्व्हरने प्रत्येक मेलवर केलेली सही, जी ताडून पाहायची किल्ली डीएनएसमध्ये ठेवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून या दोनपैकी एक तरी पायजे. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीएमएआरसी पण, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ती सूचना. आपण त्या मोठ्या लोकांत नाही, पण दोन्ही करून टाकू.

मी आपल्या डोमेनचं डीएनएस पाहिलं. गंमत आहे. एसपीएफ नाही असं नाही, दोन-दोन आहेत! एक तीन वर्षांपूर्वीच्या त्या परिपत्रक पाठवायच्या सेवेची, जी आता कोणी वापरत नाही. दुसरी नव्या होस्टिंगची. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन सापडल्या की पाहणारा सर्व्हर दोन्ही बाद धरतो.

ए-३०४ (आजोबा) : एकाच खात्यावर दोन नमुना सह्या. खातं गोठलं.

बी-१०१ (खजिनदार) : मग दोन्ही जोडून एक करा.

बी-४०३ : दोन्ही सेवा चालू असत्या तर जोडलं असतं. जुनीचं खातंच बंद आहे, तिला परवानगी कशाला ठेवायची? ती ओळ पुसायची. पण नेमसर्व्हर, म्हणजे ही डीएनएसची नोंदवही ठेवणारे सर्व्हर, अजून जिथून डोमेन विकत घेतलं तिथलेच आहेत. त्यामुळे होस्टिंगच्या पॅनेलमधलं ‘रिपेअर’ बटण दाबून काही होणार नाही, बदल डोमेनवाल्याकडेच करावा लागेल. तिथलं लॉगिन कोणाकडे आहे?

(बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.)

ए-१०२ (सचिव), दुपारी ३.४० : मागच्या सचिवांच्या मुलाने घेतलं होतं. तो आता पुण्याला आहे. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाते.

सी-२०१ : म्हणजे आपल्या सोसायटीचं डोमेन पुण्याला राहून राहिलं. छान. अन् लिफ्ट?

ए-१०२ (सचिव) : लिफ्टवाला उद्या येते म्हणाला.

बी-१०१ (खजिनदार) : पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात ते उगीच नाही.

ए-१०२ (सचिव), रात्री ९.५० : पोराने आता मीटिंगमधून सुटून फोन केला. बिचाऱ्याने अर्धा तास दिला. जुनी एसपीएफ पुसली. डीकेआयएमची ती भली मोठी किल्ली पण टाकली. खात्यावर सोसायटीचा मोबाइल अन् ईमेल लावून घेतला.

बी-४०३ : ईमेल कोणता लावला? आपल्याच डोमेनचा नको, डोमेन बंद पडलं तर त्याचा ओटीपीही मिळणार नाही. समितीच्या नावाने वेगळं जीमेल काढून ते लावा.

ए-१०२ (सचिव) : बाप्पा. बरं. बदलतो.

बी-४०३, रात्री १०.२० : एसपीएफ ठीक दिसते. डीकेआयएम सापडत नाही. नावाच्या रकान्यात आपलं डोमेन पण टाइप केलंत का?

ए-१०२ (सचिव) : पॅनेलमध्ये दिसलं तसं पूर्ण टाकलं.

बी-४०३ : डोमेनवाल्याचं पॅनेल आपलं डोमेन मागून स्वतःच जोडतं. त्यामुळे नावात ते दोनदा झालं. ‘डोमेनकी’ शब्दापर्यंतचंच ठेवा, पुढचं खोडा. जुनं उत्तर काही तास इकडेतिकडे साठून असतं, सकाळी पाहू.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

बी-४०३, सकाळी ६.५० : काका, नमुना आला, थेट इनबॉक्समध्ये. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून मेलच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ पाहिलं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. [फोटो]

ए-१०२ (सचिव) : चला! आता पत्त्यांची यादी टाकतो अन् सगळ्यांना एकदम सोडतो.

बी-४०३ : थांबा. पत्ते किती?

ए-१०२ (सचिव) : घरं ८४, काहींचे दोन-दोन. एकूण १३१.

बी-४०३ : आपल्या प्लॅनमध्ये तासाला १०० ची मर्यादा आहे, आणि एका मेलमध्ये १३१ पत्ते टाकले तर तो १३१ च मोजतो. उरलेले अडकतील. ७० आता, बाकीचे दुपारी. पत्ते बीसीसीत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. मागच्या वेळी खजिनदारांनी ‘टू’मध्ये टाकले होते, तेव्हा एका इन्शुरन्सवाल्याने पूर्ण बिल्डिंगला फोन केले होते.

बी-१०१ (खजिनदार) : ते एकदाच झालं. अन् ताळेबंद स्कॅन करून जोडला आहे, १८ एमबी.

बी-४०३ : भाऊ, जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण तिसऱ्या हिश्शाने फुगते. १८ चे २४ होतात, एवढा जड मेल वाटेत अडकू शकतो. टॅलीतून सरळ पीडीएफ काढा, फोटो काढून नको.

बी-१०१ (खजिनदार), सकाळी ११.३० : ४०० केबी झाली. आधी काहून नाही सांगितलं?

ए-१०२ (सचिव), दुपारी ३.१० : दोन्ही खेपा गेल्या. तीन परत आले. त्यातल्या दोघांनी फॉर्मवर ‘जीमेल डॉट कॉन’ लिहून दिलं होतं, तिसऱ्यांचा मेलबॉक्स भरला आहे. त्यांना कागद देऊन सही घेतो. बी-४०३, रविवारी सकाळी तर्री पोहे माझ्याकडून.

ए-३०४ (आजोबा) : मला मेल मिळाला. तरी कागदही दे. फायलीला लावतो.

सी-२०१ : सूचना मिळाली, पूर्ण वाचली. विषयपत्रिकेत लिफ्ट नाही.