मदत हवी आहे: लग्नाच्या हॉलवर नेता येईल असा छोटा कॉम्प्युटर केस पत्र्यापासून बनवायचा आहे

फिल्मवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर जोडणाऱ्यांचा आणि पत्र्याचं काम जाणणाऱ्यांचा, दोघांचाही सल्ला हवाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. हल्ली बऱ्याच घरांना सकाळचा मुहूर्त संध्याकाळी रिसेप्शनच्या पडद्यावर बघायचा असतो. म्हणजे अक्षता पडल्या की हॉलच्याच एखाद्या खोलीत बसायचं आणि पंगती उठेपर्यंत फिल्म तयार ठेवायची. लॅपटॉपवर हे काम होतं, पण रेंडर सुरू झाला की तो तापतो आणि घाई असते तेव्हाच त्याचा वेग पडतो. घरचा टॉवर दर लग्नाला उचलून नेणं शक्य नाही. बाजारातले छोटे केस एकतर मागवून महिना वाट बघायची, नाहीतर किंमत ऐकून गप्प बसायचं. उद्यमनगरात लेझर कटिंगवाले आहेत, वाकवून देणारेही आहेत. मग आपल्या मापाचा केस आपणच का करू नये, असं मनाने घेतलंय आणि आता ते पुरं करायचंच आहे.

ठरलेल्या गोष्टी अशा: मिनी-आयटीएक्स बोर्ड (छोटा चौकोनी मदरबोर्ड, १७० × १७० मिमी), एसएफएक्स पॉवर सप्लाय (छोट्या मापाचा, १२५ × १०० × ६३.५ मिमी), दोन स्लॉट जाडीचं २४५ मिमी लांब ग्राफिक्स कार्ड. मधोमध एक उभा पत्रा, त्याच्या एका बाजूला बोर्ड आणि पॉवर सप्लाय, दुसऱ्या बाजूला कार्ड, दोन्ही पाठीला पाठ लावून. कार्ड रायझर केबलने (बोर्डाचा स्लॉट दुसऱ्या जागी नेणारी केबल) जोडायचं. बाहेरचं माप १३५ × २१० × ३२० मिमी धरलंय, म्हणजे साधारण नऊ लिटर. वर एक मूठ, आणि वजन एका हाताने जिना चढता येईल इतपत.

अडलंय ते असं. पत्रा लोखंडी घ्यावा की ॲल्युमिनियम? वाकवलेले पत्रे घ्यावेत की सपाट तुकडे कोपऱ्यांवर स्क्रूने जोडावेत? बोर्डाच्या बाजूला आतून ६५ मिमी जागा मिळते, तिथे किती उंचीचा कूलर बसेल? आणि सगळ्यात मोठी काळजी: हॉलवर हा केस टेबलावर असणार, आजूबाजूला लोक अक्षता टाकत असणार. वरून जाळी ठेवली तर तांदूळ आत जाणार. न ठेवली तर गरम हवा जाणार कुठून?

जाणकारांनी जरूर लिहावं. आगाऊ धन्यवाद.

ब्रेकप्रेस

ताई, आमचं भोसरीत पत्र्याचंच काम आहे, त्यामुळे पत्र्यापुरतं खात्रीने सांगतो.

आधी वजन. तुमच्या मापाच्या सहा बाजू आणि मधला पत्रा मिळून सुमारे ०.३५ चौरस मीटर भरतो. १ मिमी सीआरसीए (लोखंडी पत्रा) घेतला तर २.७ किलो, १.५ मिमी ॲल्युमिनियम घेतलं तर १.४ किलो. काठ वळवले की दोन्हींत थोडी भर पडेल, जाळीची भोकं ती थोडी कमी करतील. उचलून न्यायचंय तर ॲल्युमिनियमच घ्या. मात्र दुकानात नुसतं ‘ॲल्युमिनियम पत्रा’ म्हणू नका. वाकवायचा असेल तर ५०५२ या जातीचा मागा. एचई-३० ही दुसरी जात, ते ॲल्युमिनियम मजबूत असतं, पण कडक अवस्थेत काटकोनात वळवलं की वळणावर तडकतं. तो पत्रा सपाट तुकड्यांसाठी चांगला.

वाकवायचं की जोडायचं? माझं मत, दोन्ही. बाहेरचं कवच यू आकारात वाकवा, कारण त्यात अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी चालतो. ज्या पत्र्यांवर बोर्ड, कार्ड आणि रायझर बसतात ते मात्र सपाट ठेवा. लेझरने कापलेल्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत बरोबर येतं. मध्ये वळण आलं की ती अचूकता गेली.

वळणाचं गणित ऑपरेटरच्या अंदाजावर सोडू नका. त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी कापून घ्या, त्याच मशीनवर मधोमध काटकोनात वळवा, आणि दोन्ही पाय बाहेरून कॅलिपरने मोजा. बेरीज १०२.७ च्या आसपास येईल. वरचे २.७ म्हणजे तुमचं प्रत्येक वळणाचं वजा माप. बाहेरून ३० आणि ३० चा कोन हवा असेल तर सपाट पट्टी ५७.३ कापायची. डाय (पत्रा ज्यात दाबून वळवतात तो साचा) बदलली की हा आकडा बदलतो, म्हणून पट्टी त्याच दुकानात, त्याच दिवशी वळवून बघायची. ही पाच मिनिटं द्याच.

आणखी दोन गोष्टी. १० मिमीपेक्षा आखूड काठ वळवायला सांगू नका, डायवर पत्रा टेकतच नाही. आणि वळणरेषेच्या ६ मिमीच्या आत भोक ठेवू नका, ते ओढलं जाऊन अंडाकृती होतं.

पावडर कोटिंग करणार असाल तर थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, आणि तो भोकाच्या आतही बसतो. एम३ स्क्रूच्या भोकाला ३.६ मिमी ठेवा. आटे असलेल्या जागी कोटिंगला देण्याआधी जुने स्क्रू पिळून ठेवा.

सनबोर्ड_सुतार

पत्र्याला हात लावण्याआधी सनबोर्डचं मॉडेल करा. फ्लेक्सवाल्यांकडे ३ मिमी सनबोर्ड मिळतो, कटरने कापला जातो, गरम गोंदाने चिकटतो. खरे पार्ट आत बसवून बघा, विशेषतः केबली. पॉवर सप्लायच्या २४ पिन केबलला वळायला किती जागा लागते ते स्क्रीनवर कधीच कळत नाही. ३२० मधून १७० आणि १०० वजा केले की ५० मिमी उरतात, त्यातही पत्र्याची जाडी जाते. त्या फटीत सगळ्या केबली वळल्या पाहिजेत.

ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड फुकट आहे आणि त्याला शीटमेटलचं ॲड-ऑन जोडता येतं. वळण उलगडून थेट डीएक्सएफ (लेझरवाल्याला द्यायची ड्रॉइंगची फाइल) निघते.

गार_वारा

कूलरचं उत्तर देतो. कूलरची जी उंची छापलेली असते ती प्रोसेसरच्या माथ्यापासून मोजलेली असते, बोर्डापासून नाही. म्हणून बेरीज अशी करा: स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसतो ते छोटे खांब) ६.५, बोर्डाची जाडी १.६, सॉकेटसकट प्रोसेसर साधारण ७ ते ८. म्हणजे १६ मिमी तिथेच संपले. ६५ मधून ४९ उरतात. ४७ मिमीचा कूलर बसेल आणि पंखा जाळीच्या अगदी जवळ येईल, त्यामुळे तो बाहेरचीच ताजी हवा ओढेल. ५५ चा घेऊ नका. ३७ चा बसेल, पण मग पंखा आणि जाळीमध्ये मोकळी जागा राहते आणि आतलीच गरम हवा फिरून त्याच्याकडे येते. तसं झालं तर फोमची चौकट कापून ती फट बुजवा.

जाळीबद्दल. भोकं दिसायला खूप दिसतात, पण मोकळी जागा किती ते मोजायला हवं. त्रिकोणी मांडणीत ४ मिमीची भोकं ५.५ मिमी अंतरावर ठेवली तर मोकळी जागा ४८ टक्केच होते. ५ मिमीची भोकं ६ मिमी अंतरावर घेतली तर ६३ टक्के. दुसरी मांडणी घ्या. लेझरवाला प्रत्येक भोकाचे पैसे लावत असेल तर तयार जाळीपत्रा आणून खिडकीत रिव्हेट करा, ते स्वस्त पडेल. आतून बारीक नायलॉनची जाळी लावा, चुंबकपट्ट्यांच्या जोडीवर (एक पत्र्याला चिकटवलेली, एक जाळीला), म्हणजे लग्नागणिक काढून झटकता येईल.

आता अक्षता. तांदळाचा दाणा दोन मिमी जाडीचा, तो ५ मिमी भोकातून सरळ आत जाईल आणि पंख्याच्या पात्यात अडकेल. वरचा पत्रा बंद करायची मात्र गरज नाही. १२० मिमीचा एक पंखा वरच्या बाजूला हवा बाहेर फेकेल असा बसवा (स्क्रूची भोकं १०५ मिमी अंतरावर) आणि त्याच्या वर दुसरा आडवा पत्रा स्पेसरवर उचलून ठेवा, छपरासारखा. हवा चारी बाजूंनी निघून जाईल, वरून पडलेलं काही आत जाणार नाही. हिशोब बघा: १२० च्या पंख्याचा हवेचा रस्ता, मधला डोळा सोडून, साधारण ९३०० चौरस मिमी असतो. तुमच्या केसचा वरचा परीघ ९१० मिमी. म्हणजे १० मिमी फटीत ९१०० चौरस मिमी मिळतात. १२ मिमी ठेवा, बोर्डाच्या वरच्या ३७ मिमीत २५ जाडीचा पंखाही बसतो.

खालून हवा घेऊ नका. हॉलच्या टेबलावर कापड असतं, ते ओढलं जातं.

फिल्मवाली_कोल्हापूर

छपराची कल्पना फार आवडली! मूठही त्या छपरातून आरपार मधल्या पत्र्यालाच बांधता येईल असं वाटतंय, म्हणजे भार वरच्या पातळ पत्र्यावर येणार नाही.

५०५२ नक्की केलं. रायझरबद्दल विचारायचं राहिलं. कार्डाची मागची पट्टी आणि रायझरचा सॉकेट यांचं एकमेकांपासूनचं अंतर कुठून घ्यायचं? आणि बोर्डाच्या चार भोकांचं माप नेटवर बघितलं तर ती नीट आयतात दिसत नाहीत. चित्र चुकलंय का?

ब्रेकप्रेस

चित्र बरोबर आहे ताई. मिनी-आयटीएक्सची भोकं मूळ एटीएक्सच्या आराखड्यातूनच आलीत आणि त्यांतलं एक सरकलेलं आहे. ड्रॉइंग कागदावर एकास एक प्रमाणात छापा, त्यावर बोर्ड ठेवा, चारही भोकांतून कागदावरची खूण दिसली पाहिजे. मागच्या पोर्टांच्या पट्टीची खिडकी १५८.७५ × ४४.४५ मिमी. तीही त्याच कागदावर तपासा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा.

रायझरला आकडा शोधू नका. सॉकेट आणि कार्डाची पट्टी जिथे बसते तो भाग, दोन्ही एकाच सपाट पत्र्यावर घ्या. स्लॉटांमधलं अंतर २०.३२ मिमी, ते पक्कं. बाकी माप कार्ड रायझरमध्ये घालून कॅलिपरने काढा आणि रायझरच्या भोकांना दोन्हीकडे एक-एक मिमी लांबट करा. बसवताना सरकवून घट्ट करता येतं. कार्डाच्या दुसऱ्या टोकाला एक आधार द्या, नाहीतर गाडीतल्या हिसक्यांनी सगळा भार सॉकेटवर येईल.

गार_वारा

रायझर कुठल्या पिढीचा आहे ते बघून घ्या. पीसीआयई ३ चा रायझर आणि ४ चं कार्ड असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्लॉट तिसऱ्या पिढीवर बांधून टाका, नाहीतर पडदा काळा राहतो किंवा मध्येच अडकतं. एडिटिंगला त्याने फारसा फरक पडत नाही.

तीन_पिना

केस धातूचा आहे आणि तो रोज वेगळ्या हॉलच्या सॉकेटला लागणार आहे. त्यामुळे अर्थिंगवर कुणीतरी लिहायलाच हवं.

पॉवर सप्लाय केसच्या आत पुढच्या बाजूला आहे, म्हणजे मागून आत जाणारी सी१४ ते सी१३ केबल (एक टोक केसच्या मागे बसणारा सॉकेट, दुसरं पॉवर सप्लायमध्ये जाणारं) लागेल. ती तयार, साच्यातली घ्या. मेनच्या तारा घरी डाग देऊन जोडू नका. पावडर कोटिंग आणि ॲनोडायझिंग दोन्ही वीज अडवतात. त्यामुळे सगळे पत्रे स्क्रूने जोडलेले असूनही एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने सुटे राहू शकतात. पॉवर सप्लायच्या एका स्क्रूखाली आणि प्रत्येक जोडावर एका ठिकाणी रंग खरवडा, तिथे दातेरी वॉशर घाला. मग मशीन भिंतीपासून काढून मल्टिमीटरने केसच्या मागच्या सॉकेटच्या अर्थ पिनपासून प्रत्येक पत्र्यापर्यंत तपासा, रीडिंग शून्याजवळच यायला हवं.

हॉलच्या सॉकेटला अर्थ नसेल तर पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे केसला हलक्या झिणझिण्या येतात. करंट नगण्य असतो, पण त्याचा अर्थ असा की आत काही बिघडलं तर वाचवणारी तार नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर बॅगेत ठेवा आणि अर्थ दाखवत नसेल त्या सॉकेटला मशीन लावू नका. दोन पिनांचं एक्स्टेंशन मंडपवाला देईल, ते घेऊ नका. तुमचं तीन पिनांचं सोबत न्या.

फिल्मवाली_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सनबोर्ड आणला आहे, रविवारी मॉडेल करते. त्यानंतर पट्टी वळवून बघायला उद्यमनगरात जाईन आणि ड्रॉइंग इथेच टाकेन.

एकच राहिलं, ब्रेकप्रेस दादा: बाहेरचा यू काढता-घालता यायला हवा, कारण जाळी झटकायची आहे. ॲल्युमिनियममध्ये सारखे स्क्रू फिरवले तर आटे जातात असं ऐकलंय. तिथे रिव्हनट (भोकात रिव्हेटसारखा दाबून बसवायचा नट) घालायचे का? आणि १.५ मिमी पत्र्यात एम३ चा रिव्हनट धरेल की एम४ घ्यावा?

ब्रेकप्रेस

रिव्हनटच घाला, एम४, चपट्या डोक्याचा. एम३ बारीक असतो, जरा जोर लागला की भोकात फिरतो. भोकाचं माप रिव्हनट हातात घेऊन मोजा, मगच डीएक्सएफ द्या. आणि कोटिंगनंतर बसवा, आधी नाही.