‘ड्युअल कॅरेजवे’ला मराठीत दुपदरी रस्ता म्हणता येईल का?

प्रश्न – एक पालक, सोलापूर

माझी मुलगी नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला असते. भारतीय परवान्यावर तेथे पहिले बारा महिनेच गाडी चालवता येते, म्हणून ती सध्या तेथील परवान्याच्या सैद्धांतिक परीक्षेची तयारी करीत आहे. पन्नास प्रश्नांपैकी किमान ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात, आणि रात्री फोनवर प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आहे. परवा सरावात ‘ड्युअल कॅरेजवे’वर मोटारीची कमाल वेगमर्यादा विचारली होती. मी त्या शब्दाचा अर्थ ‘दुपदरी रस्ता’ असा सांगितला, तिने ताशी ६० मैल असे उत्तर दिले आणि ते चुकले. बरोबर उत्तर ७० मैल होते. ६० मैल ही मर्यादा ‘सिंगल कॅरेजवे’ची आहे, असे तेथे लिहिले होते. सिंगल म्हणजे एकपदरी असेल, तर अशा रस्त्यावर ताशी ९६ किलोमीटरची मुभा कशी असू शकते? आमच्या गावाकडच्या एकपदरी रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली, तर दोघांपैकी एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते.

उत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता, जुळे सोलापूर

आपली चूक स्वाभाविक आहे, पण तिने अर्थ नेमका उलटा झाला आहे. आपण ज्याला दुपदरी म्हणतो, म्हणजे जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक पदर असलेला, मध्ये दुभाजक नसलेला रस्ता, तो ब्रिटनमध्ये ‘सिंगल कॅरेजवे’ ठरतो.

घोळ मोजण्याच्या एककाचा आहे. मराठीत आपण पदर मोजतो: दुपदरी, चौपदरी, सहापदरी. (सुताचेही पदरच मोजणाऱ्या आपल्या शहरात ही सवय मोडणे अवघडच.) ब्रिटिश संज्ञेत मात्र पदर मोजलेले नसतात. ‘कॅरेजवे’ म्हणजे वाहने चालण्यासाठी असलेली रस्त्याची सलग पट्टी, मग तिच्यावर पदर कितीही असोत. अशी एकच पट्टी असेल तर सिंगल. दुभाजकामुळे जाणारी व येणारी वाहने दोन स्वतंत्र पट्ट्यांवरून धावत असतील तर ड्युअल. त्यामुळे दुभाजकाच्या प्रत्येक बाजूला एकच पदर असला तरी तो रस्ता ड्युअल असतो, आणि चार पदर असूनही मध्ये नुसता रंगाचा पट्टा असेल तर तो सिंगलच राहतो.

आपल्याकडील अभियंतेही ‘कॅरेजवे’ हा शब्द याच अर्थाने वापरतात. एकपदरी रस्त्याचा कॅरेजवे ३.७५ मीटर आणि दुपदरीचा सात मीटर रुंद धरतात. दोन्ही ठिकाणी कॅरेजवे एकच असतो. पुण्याकडे जाणारा आपला महामार्ग क्रमांक ६५ दुभाजकासह चौपदरी आहे, म्हणून तो ड्युअल कॅरेजवे म्हणता येईल.

उत्तर – मूळ सोलापूरचा, सध्या लीड्स येथे

वरील उत्तर अचूक आहे. या शब्दाचा अर्थ ठाऊक नसेल तर येथे अडचण का होते, तेवढे सांगतो. गाव संपले की बहुधा पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी असलेला फलक लागतो. त्याचा अर्थ ‘राष्ट्रीय वेगमर्यादा लागू’ असा आहे, पण त्यावर आकडा लिहिलेला नसतो. समोरचा रस्ता सिंगल आहे की ड्युअल हे पाहून आकडा चालकानेच ओळखायचा असतो: मोटारीसाठी सिंगलवर ६० मैल, ड्युअलवर ७०. ही विभागणी १९७७ पासून आहे. मोटारीला मागे ट्रेलर जोडला असेल तर हेच आकडे ५० आणि ६० होतात.

आणखी एक गफलत टाळावी. मोटरवेही दुभाजित असतो आणि त्यावरही मोटारीला ७० मैलांचीच मर्यादा असते, पण प्रत्येक ड्युअल कॅरेजवे मोटरवे नसतो. मोटरवेचे फलक निळे असतात व तेथे पादचारी, सायकली आणि शेतीचे ट्रॅक्टर यांना बंदी असते. साध्या ड्युअल कॅरेजवेवर मात्र सत्तरच्या वेगात असताना पुढे सायकलस्वार दिसू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि आपला मोहोळ-टेंभुर्णीवरून जाणारा महामार्ग यांत जो फरक आहे, तसाच काहीसा हा समजावा.

उत्तर – मराठीची शिक्षिका, सोलापूर

अर्थ स्पष्ट झाला, पण भाषांतराचा प्रश्न उरतोच. ‘दुपदरी’ बाद झाल्यावर बरेच जण ‘दुहेरी मार्ग’ आणि ‘एकेरी मार्ग’ असे लिहितील, आणि ते अधिक धोक्याचे आहे, कारण मराठीत एकेरी मार्ग म्हणजे ज्यावर एकाच दिशेने जाता येते तो रस्ता. सिंगल कॅरेजवेवर तर समोरून वाहने येतच असतात! त्यापेक्षा ‘दुभाजित रस्ता’ आणि ‘अविभाजित रस्ता’ असे म्हणावे. दुसरा शब्द थोडा जड वाटतो, हे मान्य. घरी फोनवर ‘दुभाजक असलेला’ आणि ‘नसलेला’ एवढे पुरेसे आहे.

प्रश्नकर्ते

सर्वांचा आभारी आहे. ‘दुभाजक असलेला, नसलेला’ ही फोड मुलीला लगेच पटली. तिची एकच शंका आहे: पादचाऱ्यांना थांबण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी जो छोटा उंचवटा असतो, त्याने रस्ता ड्युअल होतो का?

उत्तर – लीड्स येथून

नाही. तेवढ्यापुरता उंचवटा दुभाजक मानला जात नाही. दोन्ही पट्ट्या वेगळ्या करणारा दुभाजक सलग असावा लागतो. आडव्या रस्त्याने येऊन ड्युअल कॅरेजवे ओलांडण्याचा नियमही तिला सांगून ठेवावा. मधली जागा आपली पूर्ण गाडी मावेल इतकी रुंद असेल, तर प्रत्येक अर्धा भाग स्वतंत्र रस्ता समजून ओलांडायचा आणि मध्ये थांबायचे. तेवढी जागा नसेल, तर दोन्ही बाजू एकदम मोकळ्या मिळेपर्यंत अलीकडेच थांबायचे. सोलापुरी सवयीने दुभाजकाच्या फटीत गाडीचे तोंड घालून मागचा भाग वाहत्या रस्त्यावर ठेवला, तर मुख्य चाचणीत परीक्षक तेथेच नापास करील.