दोन सॅक घेऊन जानेवारीत न्यूयॉर्क ते शिकागो: कपडे आणि मार्ग याबद्दल सल्ला हवा

धरमपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण, दोघीही नागपूरच्या, येत्या जानेवारीच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील काही शहरे पाहण्यासाठी निघणार आहोत. हिवाळाच का, असे घरच्यांसह सगळेच विचारत आहेत. दोघींना एकाच वेळी रजा त्याच दिवसांत मिळते, न्यूयॉर्कसारख्या शहरात तेव्हा मुक्काम स्वस्त असतो, आणि खरे सांगायचे तर आम्हाला बर्फाने झाकलेले शहर पाहायचे आहे.

न्यूयॉर्क, बॉस्टन, मॉन्ट्रियल, क्युबेक, टोरांटो, नायगारा आणि शेवटी शिकागो असा मार्ग तीन आठवड्यांत बसवण्याचा विचार आहे. मुक्काम हॉस्टेलमध्ये, प्रवास बसने किंवा रेल्वेने, आणि सामान म्हणजे पाठीवरची एकेक सॅक. हिमाचलात हिवाळी ट्रेक केलेला असल्यामुळे थंडीची अगदीच ओळख नाही असे नाही. तरीही ट्रेकचेच कपडे तिथे चालतील का, की सीताबर्डीतून नव्याने खरेदी करावी, हे ठरत नाही. शहरांची संख्या जास्त होते आहे का, हेही कृपया स्पष्टपणे सांगावे. अमेरिकेचा व्हिसा दोघींकडे आहे. कॅनडाचा अर्ज अजून केलेला नाही.

गोठणबिंदू

काही वर्षे मिनियापोलिसमध्ये नोकरी करून आता नागपुरात परतलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची थंडी अंगावर घेतलेली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा घरातसुद्धा स्वेटर काढवत नव्हता, कारण आपली घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. तिकडे नेमके उलटे आहे. बाहेर उणे पंधरा असले तरी दुकान, भुयारी रेल्वे, संग्रहालय आणि हॉस्टेलची खोली यांत वीस-बावीस अंश असतात, आणि शहर पाहताना तुम्ही दर अर्ध्या तासाला या दोन हवामानांत ये-जा करता. ट्रेकवर दिवसभर बाहेरच राहायचे असते, म्हणून जाड कपडे एकदा चढवले की काम भागते; शहरात तेच कपडे आत शिरल्यावर घाम काढतात आणि बाहेर पडल्यावर तो घाम अंगावर गार होतो. शहरातली हुडहुडी बहुतेक वेळा अशीच भरते.

म्हणून कपड्यांची जाडी बघण्याआधी ते पटकन उघडता येतात का, हे बघा. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचे थर्मल, त्यावर पुढून चेन असलेले फ्लीस, आणि सर्वांत वर वारा अडवणारे, टोपी असलेले, मांड्यांपर्यंत येणारे जाकीट एवढे पुरते. अंगालगत सुती काही घालू नका, कारण सूत घाम धरून ठेवते. तुमचे ट्रेकचे थर्मल आणि फ्लीस खुशाल न्या. हातमोजे मात्र दोन थरांचे हवेत: आत पातळ, म्हणजे फोन वापरताना बोटे उघडी पडत नाहीत, आणि वर चारही बोटे एकत्र राहणारे जाड.

तापमानाच्या आकड्यापेक्षा वाऱ्यासह जाणवणाऱ्या थंडीचा आकडा महत्त्वाचा असतो. कॅनडाच्या हवामान खात्याच्या कोष्टकानुसार हा आकडा उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. नाक, कानाची पाळी किंवा बोटांची टोके पांढरट पडून बधिर झाली तर तो हिमदंशाचा आरंभ समजावा, लगेच आत जावे, आणि चोळण्याऐवजी ती जागा कोमट पाण्याने किंवा शरीराच्या उबेने हळूहळू गरम करावी. अमेरिकेत अंदाज फॅरनहाइटमध्ये सांगतात, हेही ध्यानात असू द्या; तिथे ‘वीस’ ऐकून निर्धास्त होऊ नका, ते उणे सात असते.

टोरांटोवासी वैदर्भीय

शहरे जास्त होत आहेत, हे सरळच सांगते. हिवाळ्यात दोन शहरांमधला प्रवासाचा दिवस पूर्ण वाया गेला असे धरूनच चालावे लागते, कारण हिमवादळात बस रद्द होते आणि रेल्वे कित्येक तास उशिरा धावते. शिवाय दिवस लहान असतो. जानेवारीच्या अखेरीस मॉन्ट्रियलला पाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो आणि सकाळी नऊच्या आधी बाहेर पडण्यात फारसा अर्थ नसतो. माझ्या मते बॉस्टन गाळावे. ते सुंदर शहर आहे, पण त्याचे बरेचसे सौंदर्य पायी हिंडून पाहण्याचे आहे आणि त्यासाठी मे किंवा ऑक्टोबर उत्तम. क्युबेकला मात्र हात लावू नका, कारण तुमच्या यादीतले ते एकच शहर आहे जे हिवाळ्यातच खरे पाहावे.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे हिवाळी कार्निव्हल भरते. आजच्या स्वरूपात ते १९५५ पासून चालत आले आहे, आणि त्या काळात हॉस्टेल लवकर भरतात, म्हणून सर्वांत आधी आरक्षण क्युबेकचे करावे. जुन्या शहराच्या तटाजवळ दुफरिन टेरेसवर लाकडी घसरगाडीची उंच वाट आहे. १८८४ पासून लोक तिच्यावरून सूं करत खाली येतात. शहराजवळच मॉन्टमोरेन्सी हा ८३ मीटर उंचीचा, म्हणजे नायगाऱ्यापेक्षाही उंच, धबधबा आहे. त्याचे तुषार खाली पडता पडता गोठतात आणि पायथ्याशी बर्फाची टेकडी वाढत जाते. स्थानिक लोक तिला फ्रेंचमध्ये ‘साखरेचा सुळका’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. नायगाऱ्याला गर्दीत एक छायाचित्र काढून येण्यापेक्षा इथे अर्धा दिवस घालवणे मला अधिक पटते.

नायगाऱ्याला जाणारच असाल तर हे लक्षात घ्या, की धबधब्याखाली नेणाऱ्या बोटी हिवाळ्यात बंद असतात. धबधब्यामागच्या बोगद्यांत नेणारी व्यवस्था कॅनडाच्या बाजूला वर्षभर सुरू असते आणि रात्री प्रपातावर रंगीत प्रकाशझोत सोडतात. पूर्वी नदीवर साचणाऱ्या बर्फावरून लोक चालत असत. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी तो बर्फ फुटून तिघे वाहून गेले, तेव्हापासून त्यावर पाऊल ठेवण्यास मनाई आहे.

आता प्रवास. न्यूयॉर्कहून मॉन्ट्रियलला रात्रीची बस आठेक तासांत पोचते, पण मध्यरात्री सीमेवर सामान घेऊन उतरावे लागते, म्हणून दिवसाची बस घेतलेली बरी. मॉन्ट्रियल, क्युबेक आणि टोरांटो यांच्यात रेल्वे वापरा: मॉन्ट्रियल–क्युबेक तीन-साडेतीन तास, मॉन्ट्रियल–टोरांटो पाचहून थोडे अधिक. टोरांटोहून शिकागोला थेट रेल्वे नाही, तिथे विमानच सोयीचे. मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. बर्फावर गाडी चालवण्याची सवय दोन दिवसांत होत नाही, आणि क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत.

न्यूयॉर्कहून टोरांटोकडे येणारी रेल्वे घेण्याचे ठरलेच, तर ती बफेलोमार्गे येते. ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी असलेल्या या शहराचा हिमवर्षाव कुप्रसिद्ध आहे: सरोवराचे पाणी न गोठलेले आणि त्यावरून वाहणारी हवा अतिथंड असली, की ती हवा वाफ उचलते आणि काठावर येताच बर्फ करून ओतते. डिसेंबर २०२२ च्या वादळात तिथे माणसे गाड्यांमध्ये अडकून दगावली होती. म्हणून परतीच्या विमानाच्या आधीचा एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा आणि त्या दिवशी शिकागोतच असा.

कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावाच लागतो. अमेरिकेचा असला तरी सूट मिळत नाही. अर्ज आजच करा, कारण बाकी सगळी आरक्षणे त्यावर अवलंबून आहेत. कॅनडातून महिन्याच्या आत अमेरिकेत परतलात तर तिथल्या मुक्कामाची मुदत साधारणपणे नव्याने सुरू होत नाही, पहिल्या प्रवेशाला दिलेली तारीखच लागू राहते. तीन आठवड्यांत त्याने अडचण येणार नाही, पण नंतर मुक्काम वाढवायचा झाल्यास ती तारीख पाहावी.

संविधानचौक

मार्गावर बोलण्याइतका अनुभव माझा नाही, पण नागपूरहून जाताच आहात तर दोन ठिकाणे सुचवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. दीक्षाभूमीवर लहानपणापासून जाणाऱ्या माणसाला तो पाहताना काय वाटते, हे मी इथे लिहीत बसत नाही. मात्र अलीकडच्या काळात त्या परिसरात बाहेरच्यांच्या प्रवेशावर निर्बंध आले आहेत, म्हणून आधी विद्यापीठाकडे चौकशी करून मगच जावे. दुसरे ठिकाण शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट. सप्टेंबर १८९३ ची सर्वधर्मपरिषद, जिच्यात स्वामी विवेकानंद बोलले, ती याच इमारतीत भरली होती. थंडीच्या दिवशी चार-पाच तास आत सहज जातात.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. बॉस्टन गाळले आणि तो वेळ क्युबेकला दिला. कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज या आठवड्यात करतो. दोन शंका उरल्या आहेत. बूट इथून न्यावेत की तिथे घ्यावेत? आणि आईने डब्यांची यादी तयार केली आहे, तिच्यात संत्री आणि संत्रा बर्फी अग्रभागी आहेत.

टोरांटोवासी वैदर्भीय

बूट तिथेच घ्या. आपल्याकडचे ट्रेकिंगचे बूट बर्फावर चालतात, पण शहरात खरा त्रास पदपथाच्या कडेला साचलेल्या, मीठ मिसळलेल्या काळ्या गाळाचा असतो. रस्ता ओलांडताना पाय घोट्यापर्यंत त्यात जातो आणि एकदा पायमोजा भिजला की तो दिवस संपला. रबरी तळ, पोटरीपर्यंत उंची आणि आतले अस्तर काढून वाळवता येणारे बूट तिथे जानेवारीच्या सवलतीत मिळतात.

गोठणबिंदू

बुटांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. न्यूयॉर्कला उतरल्यावर त्याच दिवशी बर्फ पडत असेल तर दुकानापर्यंत कोणत्या बुटांनी जाणार? ट्रेकचे बूट पायात घालूनच विमानात बसा, म्हणजे सॅकमधली जागाही वाचेल, आणि नवे बूट मॉन्ट्रियलला निघण्यापूर्वी घ्या. तोवर पातळ पायमोज्यांवर लोकरीचे पायमोजे पुरतात; फक्त बूट घट्ट होऊ देऊ नका, रक्त खेळते राहिले तरच पाय गरम राहतात.

संत्री नेऊ नका. ताजी फळे विमानतळावर काढून घेतात आणि जाहीर केली नसतील तर दंडही होतो. दुधाच्या पदार्थांवरही बंधने आहेत, त्यामुळे बर्फीचा आग्रह आईंनी या वेळी सोडावा. जवसाची चटणी, मेतकूट, भाजलेला चिवडा असे कोरडे पदार्थ न्यावेत आणि विचारल्यावर न लपवता सांगावेत. मॉन्ट्रियलला भुयारी रस्त्यांचे तीसेक किलोमीटरचे जाळे आहे आणि टोरांटोलाही जवळजवळ तेवढेच. दोन्हींत खाण्याची दुकाने भरपूर आहेत, तेव्हा उपाशी राहण्याची भीती नाही. खाद्यपदार्थांच्या दरपत्रकात लिहिलेल्या किमतीवर बिलात कर वेगळा लागतो, क्युबेकमध्ये सुमारे पंधरा टक्के आणि टोरांटोत तेरा, शिवाय बसून जेवलात तर वर टिप. रोजच्या खर्चाचा हिशेब त्याप्रमाणे वाढवून धरा.

फोन बाहेरच्या खिशात ठेवू नका. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि नकाशा नेमका अनोळखी चौकात बंद पडतो. पॉवर बँकही जाकिटाच्या आतल्या खिशात असावी, आणि गारठलेला फोन आत आल्याबरोबर चार्जिंगला न लावता थोडा वेळ तसाच ठेवावा.